थंडीतलं लहानपण

निफाडकडची थंडी दरवर्षी बातमीत असते. पारा चार-पाच अंशांवर उतरला, की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटतात. मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार रात्र रात्र जागतात. मी त्याच पट्ट्यातल्या एका गावात वाढलो. आमची बाग नव्हती. दादीच्या सात-आठ कोंबड्या होत्या, आणि घरात कुणी थंडीची खरी काळजी करत असेल तर ती दादीच.

चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. एक कोंबडी अवेळी खुडूक झाली, कुठेतरी वैरणीत लपून अंड्यांवर बसली आणि ऐन डिसेंबरात नऊ पिल्लं घेऊन अंगणात आली. दादी वैतागली. त्या रात्री फार गारठा होता. दादी झोपल्यावर मी उठलो, खताच्या रिकाम्या गोण्या आणि प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि खुराड्याची एकूण एक फट बुजवून टाकली. मोठं पुण्यकर्म केल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी दार उघडलं तर आतल्या छपराला पाण्याचे थेंब लोंबत होते, डोळे चुरचुरतील असा उग्र वास होता आणि तीन पिल्लं ओली होऊन मरून पडली होती. दादी रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘बेटा, तूने ठंडी नहीं, हवा बंद किया.’

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका शब्दाचं. मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत, शब्द दिसला की त्याच्या मागे लागायचं, एवढाच माझा अभ्यास. मुष्टियुद्धाच्या बातमीत ‘बँटमवेट’ हा शब्द वाचला आणि हा बँटम कोण, म्हणून शोधत गेलो. बँटम म्हणजे ठेंगणी कोंबडी. नेहमीच्या कोंबडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याची. आणि तिचं नाव पडलं ते एका बंदरावरून.

जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचं बंदर आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथे मुसलमान सुलतानांचं राज्य होतं आणि मिरीचा मोठा बाजार भरत असे. १५९६ साली कॉर्नेलिस दे हाउटमनची डच गलबतं तिथे पोचली. पुढे काही वर्षांतच इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनेही तिथे वखार घातली, ती १६८२ पर्यंत टिकली. इंग्रज या बंदराला ‘बँटम’ म्हणत. तिथल्या बाजारात मिळणाऱ्या लहानखुऱ्या कोंबड्या खलाशांनी जहाजावर घेतल्या आणि पक्ष्याला बंदराचंच नाव चिकटलं. जिथे बारा महिने घाम निथळतो, त्या गावाचं नाव घेऊन हा पक्षी बर्फाच्या मुलखात राहायला गेला.

तसं पाहिलं तर सगळीच कोंबडी उष्ण देशातली. तिचा पूर्वज आग्नेय आशियातला रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार माणसाळलेल्या कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी सापडली आहेत, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. तिथून ती जगभर गेली आणि पिसांच्या जोरावर थंडीतही टिकली. पण लहान आकाराची गोष्ट वेगळी. बशीत ओतलेला चहा आणि पातेल्यातला चहा यांत आधी कोणता निवतो, हे तुम्हाला सांगायला नको. अंगाचा आकार उंची-लांबी-रुंदीत निम्मा केला, तर कातडी चौथा हिस्सा उरते, पण आतलं शरीर आठवा हिस्साच उरतं. म्हणजे चूल लहान झाली आणि भिंती त्या मानाने मोठ्या राहिल्या. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते. बाहेर पाणी गोठत असताना अर्ध्या किलोच्या पक्ष्याला एवढी ऊब रात्रभर धरून ठेवायची, म्हणजे त्याने किती दाणे खाल्ले पाहिजेत, याचा विचार करा.

अशा मुलखात हा पक्षी अधिकाधिक लहान करण्याचा ध्यास ज्यांनी घेतला, त्यांत सर्वांत नावाजलेले गृहस्थ म्हणजे सर जॉन सॉन्डर्स सेब्राइट. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरचे जमीनदार, पार्लमेंटचे सभासद. १७६७ चा जन्म, मृत्यू १८४६. त्यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर करत एक बँटम घडवली. सोनेरी किंवा रुपेरी अंग आणि प्रत्येक पिसाला काळी किनार, जणू सोनाराने एकेक पीस घडवून काठ भरला आहे. नराचं वजन सहाशे ग्रॅमच्या थोडं वर, मादीचं त्याहून कमी. १८१० च्या सुमारास या एकाच जातीसाठी त्यांनी क्लब काढला. कोंबडीच्या एखाद्या जातीसाठी निघालेला हा पहिलाच क्लब मानला जातो.

याच सेब्राइटनी १८०९ साली पाळीव जनावरांची पैदास सुधारण्याबद्दल एक पत्रवजा पुस्तिका लिहिली. पत्र होतं सर जोसेफ बँक्स यांना. त्यात एक विचार येतो, तो वाचून मी चमकलो. कडक हिवाळा किंवा अन्नाची टंचाई अशक्त आणि रोगट जनावरांना मारून टाकते, आणि उत्तम जाणकाराने निवड करून जे साधावं तेच त्यातून साधतं, असं ते म्हणतात. म्हणजे हिवाळा हाच मोठा पैदासकार! ही पुस्तिका १८३८ मध्ये चार्ल्स डार्विनने वाचली आणि आपल्या टिपणवहीत तिची नोंद केली. निसर्गातल्या निवडीचा त्याचा सिद्धान्त त्या वेळी नुकता आकार घेत होता. कोंबड्या आणि कबुतरं पाळणाऱ्या एका जमीनदाराचं वाक्य त्याच्या वाटेवर असं पडलेलं होतं.

आता गंमत पाहा. गंमत म्हणतो, पण पक्ष्यांच्या बाजूने पाहिलं तर तीत हसण्यासारखं फारसं नाही. हिवाळ्याला उत्तम निवड करणारा म्हणणारे हे गृहस्थ स्वतः मात्र हिवाळ्याच्या नेमके उलट निवड करत होते. हिवाळा राखतो धडधाकट. सेब्राइटना हवं होतं चिमुकलं आणि देखणं. १८१४ च्या फेब्रुवारीत थेम्स नदी लंडनमध्ये इतकी गोठली, की तिच्या पाठीवर जत्रा भरली. तशी जत्रा त्यानंतर पुन्हा भरली नाही. त्या हिवाळ्याच्या हाती या किनारदार पिसांची निवड सोपवली असती, तर किती पक्षी उरले असते?

दुसरी गोष्ट रक्ताची. आकार आणि रंग पक्का करायचा तर जवळच्या नात्यातच जोड्या लावाव्या लागतात. त्याचा तोटा सेब्राइटना ठाऊक नव्हता असं नाही. त्याच पुस्तिकेत त्यांनी स्वतःचे प्रयोग सांगितले आहेत. रक्तातल्या रक्तात पैदास करत गेल्यावर दणकट स्पॅनियल कुत्री अशक्त, मांडीवर बसवायच्या आकाराची झाली, आणि कोंबड्या अंगाने लहान, पायाने लांब आणि पैदाशीला निकामी झाल्या. हे लिहिलं आणि तरी बँटमच्या बाबतीत तेच केलं. मोह मोठा वाईट! १८६८ साली पाळीव प्राण्यांतल्या बदलांवरच्या आपल्या ग्रंथात डार्विनने सेब्राइटच्या पक्ष्यांची थेट वंशज असलेली रुपेरी बँटम पाहिल्याचं नमूद केलं आहे. त्या वर्षी अंड्यांनी भरलेल्या दोन घरट्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकातल्या हौशी मंडळींत आणखी एक युक्ती रूढ होती. प्रदर्शनासाठी पक्षी लहान हवा ना? मग अंडी वसंतात बसवायचीच नाहीत. उन्हाळा सरताना, शरद ऋतू लागताना पिल्लं काढायची. वाढीच्या दिवसांतच दिवस आखडत जातो, गारठा पडतो, खाल्लेलं ऊब टिकवण्यात खर्च होतं आणि पिल्लू खुरटतं. खुरटलं की बक्षीस. दगडाला छिन्नी लावावी तशी या लोकांनी थंडी लावली. जी मरतील ती मरतील, उरतील ती टेबलावर शोभतील. पुढे जाणत्या पाळणाऱ्यांनी या प्रकाराची निंदा केली. खुरटवून केलेलं लहानपण पुढच्या पिढीत उतरत नाही, जातीतलं लहानपणच खरं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. यॉर्कशरमधल्या वेकफील्डचे डब्ल्यू. एफ. एन्टविसल यांनी तर मोठमोठ्या जातींच्या छोट्या प्रतिकृती पैदाशीतूनच तयार केल्या. त्यांचं बँटमवरचं पुस्तक १८९४ मध्ये निघालं.

जपानच्या चाबो नावाच्या बँटमची कथा वेगळी. तिचे पाय इतके आखूड, की चालताना पोट जमिनीला टेकतंसं वाटतं. बर्फात, चिखलात आधी पोटाखालची पिसं भिजतात, आणि भिजलेलं पीस ऊब धरत नाही. शिवाय आखूड पायांचा तो गुण आई आणि बाप दोघांकडून आला, तर पिल्लू अंड्यातच मरतं. आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी जोडली, की सरासरी चौथा हिस्सा अंडी अशी वाया जातात. पाळणाऱ्यांना हे माहीत असतं. ते तेवढी अंडी जास्तीची बसवतात.

तरी हे पक्षी हिवाळे काढत आले, याचं श्रेय काही गोष्टी शिकलेल्या माणसांना द्यायला हवं. पहिली गोष्ट माझ्या दादीची. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कडाक्याच्या थंडीत लोक खुराडी घट्ट बंद करत, आणि तरी तुरे गोठून काळे पडत. कारण आतल्या आत श्वासाचा आणि विष्ठेचा दमटपणा साठतो, तुऱ्यावर ओल धरते आणि ती ओलच गोठते. प्रिन्स टी. वुड्स या डॉक्टरांनी १९१२ साली सर्व हवामानांसाठी मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर पुस्तक लिहिलं. तीन बाजू पक्क्या बंद, दर्शनी बाजू मोकळी, खोली भरपूर. पक्षी मागे कोरड्यात बसतात आणि दमट हवा निघून जाते. कोरडी थंडी सोसते, ओली ऊब मारते. हे वाचताना मला ते छपराला लोंबणारे थेंब दिसत होते.

बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. बसायची दांडी गोल-बारीक नको, चपटी आणि रुंद हवी, म्हणजे पक्षी बसला की बोटं पोटाच्या पिसांत झाकली जातात. संध्याकाळी मका खाऊ घालायचा, कारण पोटातलं दळण रात्रभर ऊब देतं. पक्षी एकेकटे ठेवायचे नाहीत. एका दांडीवर अंगाला अंग लावून बसले की प्रत्येकाची उघडी बाजू कमी होते. मोठ्या एकेरी तुऱ्यापेक्षा डोक्याशी चिकटलेला बसका तुरा थंडीत बरा. सेब्राइटचा तसाच असतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ओका इथल्या मठातले ब्रदर विल्फ्रिड शातलां यांनी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम हिवाळ्यासाठीच ‘शान्तक्लेर’ नावाची मोठी कोंबडी घडवली. तिचा तुरा जवळजवळ नाहीच. आता तिचीही बँटम आहे. माणसाला चैन पडत नाही!

याचं अगदी टोक म्हणजे मलेशियाच्या केलांतान भागातली सेरामा. गेल्या शतकाच्या शेवटी तिचं नाव झालं. साडेतीनशे ग्रॅमचा कोंबडा छाती इतकी पुढे काढून उभा राहतो, की वाटतं मागे कोलमडेल. थंड देशांत तिला अंगणात ठेवता येत नाही. लोक थेट घरात, माणसांच्या खोलीत ठेवतात.

पण बँटमची माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट प्रदर्शनातली नव्हे. बऱ्याच बँटम जातींच्या कोंबड्या पक्क्या खुडूक असतात, आणि वजनाला हलक्या असल्यामुळे पातळ कवचाची अंडी त्यांच्याखाली फुटत नाहीत. इंग्लंडमधले शिकारराखणदार तितर आणि फेझंट पक्ष्यांची अंडी त्यांच्याखाली ठेवत. स्वतःची ऊब जिला पुरत नाही, ती परक्याची पिल्लं उबवून देते. फक्त थंडीत अंडी कमी ठेवायची. तिच्या पंखांखाली न मावणारं कडेचं अंडं गार होतं, ती चोचीने ते आत ओढते आणि आतलं बाहेर जातं. असं आलटून पालटून सगळीच बिघडतात.

आमची ती सहा पिल्लं दादीने चुलीपाशी, तूस घातलेल्या डालग्यात ठेवली होती. वरून फक्त एक जुनी साडी, तीही एका बाजूने उघडी. पाच नीट वाढली. सहावं सगळ्यांत उशिरा अंड्यातून आलेलं. ते जगलं, पण अंग धरेना. मोठी होऊनही ती कोंबडी पारव्यापेक्षा थोडीच मोठी दिसायची. आम्ही तिला बुटकी म्हणायचो. एका फाल्गुनात ती खुडूक बसली. मी टोपलीतली दहाही अंडी तिच्यासमोर नेऊन ठेवली. दादीने तिच्या पंखाखाली हात घालून अंदाज घेतला, बिस्मिल्ला म्हणून एकेक करत पाच अंडी आत सरकवली आणि उरलेली पाच माझ्या हातात दिली. एकविसाव्या दिवशी डालग्यातून चार आवाज येत होते.