उंदराचा चावा आणि रेबीजची धास्ती

शिरवळच्या शिवारात ऊसतोडीच्या दिवसांत कुणाला शेतउंदीर किंवा घूस चावली, की ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो. रेबीज लाळेतून पसरतो, उंदराच्या लाळग्रंथीत विषाणू असतात, तेव्हा उंदराचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतकाच घातक. शिकलेली माणसेही हेच सांगतात. पहिली दोन विधाने खरी आहेत, निष्कर्ष मात्र खोटा.

ग्रंथीत विषाणू असतो, पण कोणता? रानउंदरांत वारंवार सापडतो तो सायटोमेगॅलोव्हायरस, नागिणीच्या विषाणूच्या कुळातला. त्याची लागण झालेली पेशी फुगते आणि केंद्रकात ठसठशीत गोळा दिसतो. इतर अवयवांतून प्रतिकारशक्ती त्याला हुसकावते, तरी लाळग्रंथीत तो दीर्घकाळ तग धरतो आणि लाळेतून दुसऱ्या उंदराकडे जातो. विषाणूतज्ज्ञ मार्गारेट स्मिथ यांनी 1954 मध्ये उंदराचा हा विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवला, 1956 मध्ये माणसाचा. कूळ एक, पण प्रत्येकाचा यजमान ठरलेला. उंदराचा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही.

रेबीजची वाट निराळी. तो मज्जातंतूंवाटे मेंदूत चढतो आणि मगच लाळग्रंथीत उतरतो. तोवर जनावर जगायला हवे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडी सापडलेला उंदीर बहुधा जागीच मरतो. यावर कुणी म्हणेल, रेबीजच्या निदानासाठी प्रयोगशाळेत उंदीरच वापरत. खरे आहे, पण तिथे विषाणू थेट मेंदूत टोचत. उंदराला रेबीज होऊ शकतो, एवढेच त्यातून ठरते. उंदीर चावल्यास लस क्वचितच लागते, असे देशाच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. उंदीर विचित्र वागत असेल, तर निर्णय डॉक्टरांचा.

म्हणून उंदीर निरुपद्रवी ठरत नाही. हंताविषाणू उंदरांच्या लाळेतून आणि लघवीतून बाहेर पडतो व माणसाला बाधतो. लेप्टोचे जिवाणू लघवीतून येतात. मूषकदंशज्वराचाही जिवाणूच, त्यातला एक प्रकार उंदराच्या रक्तात प्रथम पाहिला तो डॉक्टर हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुंबईत. जखम भरल्यावरही हा ताप उद्भवू शकतो. रेबीजची लस त्यावर काहीच करत नाही, पेनिसिलिन करते.

तेव्हा उंदीर चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा, आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना चाव्याचे आवर्जून सांगा. कुत्रा चावला तर मात्र लशीला एका दिवसाचाही उशीर करू नका.