अभंगाची मुद्रा, ध्वनिमुद्रणाचा क्रमांक

अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव ठेवतात. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. ‘तुका म्हणे’ कानावर पडले की टाळकऱ्याला कळते, अभंग पूर्ण होत आला. आणि शब्द कोणाचे, तेही कळते. एकनाथ महाराजांनी तर ‘एका जनार्दनी’ म्हणून आपल्या नावासोबत सद्गुरूंचेही नाव गोवले. छापखाना नव्हता, वह्या हातोहात फिरत, उतरवून घेणारे बदलत. अशा काळात ओळखीची खूण रचनेच्या पोटातच असलेली बरी.

तरीही घोटाळे झालेच. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांची कितीतरी पदे नामदेवरायांच्या गाथेत मिसळली, कारण दोघांच्याही मुद्रेत ‘नामा’. पुढे १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ चित्रपट आला. त्यातले बीज आणि वृक्षाच्या दृष्टांताचे गाणे शांताराम आठवले यांनी लिहिलेले. पण अनेकांनी ते तुकोबारायांचेच मानले. आजही मानतात!

रचना कोणाची हे मुद्रा सांगते. पण प्रत कोणती? आमच्या देवपुरातून पांझरा ओलांडून धुळ्यात गेले की समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमवलेली हस्तलिखित बाडे तिथे आहेत. अभ्यासक त्यांतले पद सांगताना बाडाचा क्रमांक देतात. रचना एक, बाडे अनेक, आणि प्रत्येक बाडातला पाठ थोडा निराळा; म्हणून क्रमांक हवा.

गाण्याचेही तसेच झाले. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होत. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे, म्हणून ही युक्ती. शेवटी नाव घेण्याची ही रीत आपल्याला काही नवी नव्हती! पुढे तबकडीवर कोरलेल्या क्रमांकाने हे काम केले, पण प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी.

साऱ्या जगाला चालेल असा एकच क्रमांक १९८६ साली ठरला. त्याला आयएसआरसी म्हणतात. ध्वनिमुद्रण कंपन्यांची जागतिक संघटना आयएफपीआय त्याची व्यवस्था पाहते. अक्षरे आणि अंक मिळून बारा खुणा. मूळ रचनेत पहिल्या दोन देशाच्या, पुढच्या तीन नोंदणी करणाऱ्याच्या, मग वर्षाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी अनुक्रम. हा क्रमांक अभंगाला नसतो, त्या एका गायनाला असतो. एकच अभंग भीमसेनजींनी गायला, लताबाईंनी गायला, तर क्रमांक दोन. त्याच गायनाची चित्रफीत काढली तर तिला आणखी वेगळा. मात्र तेच ध्वनिमुद्रण कॅसेटवरून सीडीवर, तिथून मोबाइलवर आले किंवा दुसऱ्या कंपनीला विकले गेले, तरी क्रमांक बदलत नाही. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

याचा आपल्या भजनी मंडळांशी संबंध आहे. संतांच्या शब्दांवर कोणाचा मालकी हक्क नाही, ते सर्वांचे. पण ध्वनिमुद्रणावर आपल्या कायद्याने साठ वर्षे हक्क राहतो. क्रमांकामुळे तो हक्क मिळत नाही. पण ते गायन कुठे, किती वेळा वाजले याची मोजदाद त्याच्या आधारे होते. मंडळाचा हरिपाठ बिननोंदीचा मोबाइलवर फिरू लागला, की महिनाभरात तो कोणाच्या नावावर दिसेल सांगता येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण बाहेर जाण्याआधीच क्रमांक घ्यावा. स्वतः नोंदणी करता येते, किंवा ॲपपर्यंत गाणी पोचवणारे वितरकही तो देतात.

एक खटकते. बारा खुणांत नाव मावत नाही, ते सोबतच्या नोंदीत भरावे लागते. तिथे गायक भरला जातो, कंपनी भरली जाते. पखवाज कोणी धरला हे बहुधा राहूनच जाते. आणि रचनाकाराच्या रकान्यात कित्येकदा नुसते ‘पारंपरिक’ असते. जनाबाईंच्या अभंगालाही ‘पारंपरिक’! शेवटचे चरण ऐकले असते, तर नाव तिथेच होते.