एफ-१ दाबल्यावर तारेतून काय जातं?

भातसानगरहून कल्याण गाठून रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीशी उभं राहिलं, की पलीकडची सराईत बोटं बटणांवरून झरझर फिरताना दिसतात. संगणकावरचं हे आरक्षण दिल्लीत १९८५ साली सुरू झालं आणि १९८७ मध्ये मुंबईत आलं. पुढे देशभर पसरलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीच्या व्हीएमएस या कार्यप्रणालीवर उभी राहिली. आज टर्मिनलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-१, एफ-२ ही बटणं जे बोलतात, त्याचं मूळही याच कंपनीच्या दोन टर्मिनलांत आहे.

टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. काम करणारा संगणक दूर कुठेतरी. मधल्या तारेतून फक्त अक्षरांचे आकडे जातात. इंग्रजी मोठा ‘ए’ म्हणजे ६५. पण आस्की या अक्षरसंकेताच्या १२८ खुणांत ‘एफ-१’साठी जागाच नाही. मग युक्ती निघाली: आधी एस्केपची २७ क्रमांकाची खूण पाठवायची आणि तिच्यामागे ठरावीक अक्षरं.

१९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलवर आकड्यांच्या बटणांच्या वरच्या ओळीत पीएफ-१ ते पीएफ-४ अशी चार बटणं होती. ती एस्केप आणि ‘ओ’ यांच्यामागे अनुक्रमे पी, क्यू, आर, एस पाठवत. १९८३ च्या व्हीटी-२२० वर एफ-१ ते एफ-२० अशी अख्खी रांग आली. तिच्यातली पहिली पाच बटणं पडदा थांबवणं, छापणं अशी घरचीच कामं करत. त्यांच्यामुळे संगणकाकडे कुठलंही अक्षर जात नसे. एफ-६ पासून एस्केपमागे जाणारे क्रमांक सुरू झाले: एफ-६ ला १७, एफ-१० ला २१, पण एफ-११ ला एकदम २३. मधला २२ कुठे गेला? त्या कीबोर्डवर एफ-१० आणि एफ-११ च्या मध्ये मोकळी फट होती, आणि जिथे फट तिथे एक क्रमांक सोडलेला. १६, २७ आणि ३० हेही असेच गळलेले. ते कीबोर्ड कधीच अडगळीत गेले, पण त्यांच्या फटी आजच्या लॅपटॉपवरून जाणाऱ्या संकेतांत टिकून आहेत. मला या कुळकथेतलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

पीसीच्या कीबोर्डवर पीएफ बटणं नव्हती. म्हणून टर्मिनलची नक्कल करणाऱ्या ‘एक्सटर्म’ या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे संकेत एफ-१ ते एफ-४ कडे आले, आणि एफ-५ पासून पुढे व्हीटी-२२० च्या मोजणीतले क्रमांक लागले. बाकीच्यांनी आपापली वाट धरली. नव्वदच्या दशकात आपल्या अनेक बँकशाखांत दिसणाऱ्या एससीओ युनिक्सचा एफ-१ म्हणजे एस्केप, चौकोनी कंस आणि ‘एम’. लिनक्सच्या कन्सोलचा आणखी निराळा.

घोळ होतो तो इथेच. पुट्टी हे नक्कल करणारं दुसरं लोकप्रिय सॉफ्टवेअर मुळात आपण ‘एक्सटर्म’ आहोत असं संगणकाला सांगतं, पण एफ-१ ला मात्र ११ क्रमांकाचा संकेत पाठवतं. प्रोग्रॅम तर ‘ओ’ आणि ‘पी’ची वाट बघत असतो. मग एस्केप म्हणजे ‘रद्द करा’ असा अर्थ लावून काही प्रोग्रॅम चालू काम सोडून देतात आणि उरलेली अक्षरं नावाच्या रकान्यात उमटतात. यात ना बटण बिघडलेलं असतं, ना माणूस चुकलेला.

अशा वेळी बटणांची अदलाबदल करत बसू नये. ‘कॅट’ ही आज्ञा देऊन बटण दाबावं, म्हणजे नेमकं काय जातंय ते पडद्यावर दिसतं. ‘इन्फोकम्प’ या आज्ञेने समोरच्या प्रोग्रॅमची अपेक्षा कळते. दोन्ही शेजारी मांडून मगच पुट्टीच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जुळणारा प्रकार निवडावा.