चकमकीतली साळिंदरे

ससेक्समधल्या लुईस गावचा डॉक्टर गिडिअन मॅन्टेल आपल्या इथल्या मुलांना डायनोसॉरमुळे माहीत असतो. १८२५ साली त्याने इग्वानोडॉनचे नामकरण केले. पण त्याने दिलेले आणखी एक नाव शंभरावर वर्षे धूळ खात पडले होते. ब्रायटनच्या किनाऱ्यावर चकमकीचे गोटे पायाखाली येतात, तेव्हा मला आठवते ते हे दुसरे नाव.

सुरुवात बर्लिनची. १८३०च्या दशकात एरेनबर्ग या शास्त्रज्ञाने चकमकीच्या पातळ कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. आत केसाच्या जाडीहूनही बारीक असे काटेरी गोळे! गोड्या पाण्यातल्या एका शेवाळाशी साम्य पाहून त्याने ते झँथिडियम या गणात घातले. फांद्या फुटलेल्या काट्यांचा, तो झँथिडियम रॅमोसम. मग इंग्लंडातल्या हौशी मंडळींत अशा कपच्या जमवण्याची टूमच निघाली. १८४५ साली हेन्री डीनने खडू आम्लात विरघळवला, तर गोळे शिल्लक राहिले, तेही लवचिक! मॅन्टेललाही पटले की ते सिलिकाचे नाहीत आणि झँथिडियमही नाहीत. १८५० साली त्याने नवे नाव दिले, स्पिनिफेरायटीस, म्हणजे काटेवाला. दोन वर्षांनी तो वारला आणि नाव विसरले गेले. १९३३ साली जर्मनीत ओट्टो वेट्झेलने त्याच गोळ्यांचे ‘हिस्ट्रिकोस्फेरा’ असे बारसे केले. ग्रीकमध्ये हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर.

नाव झाले, पण हे साळिंदर आहे कोण? कोणी म्हणे शेवाळ, कोणी म्हणे सागरी किड्याची अंडी. उत्तर १९६१ साली अमेरिकन संशोधक विल्यम एव्हिट यांनी दिले, आणि मला ते फार आवडते, कारण त्यांनी काट्यांइतकेच लक्ष छिद्राकडे दिले. गोळ्यावर बारीक कंगोरे असतात, त्यांनी पृष्ठभाग पट्टिकांमध्ये विभागलेला असतो. जिथे तीन कंगोरे मिळतात तिथे काटा उगवतो, त्याला टोकाशी तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्याचे टोक पुन्हा दुभंगलेले. मधोमध कमरपट्टा. छिद्र मात्र फुटलेल्या अंड्यासारखे वेडेवाकडे नसते. कमरपट्ट्याच्या वर, पाठीकडची नेमकी एक पट्टिका गळालेली असते. हे दार होते! डायनोफ्लॅजेलेट हा एकपेशीय जीव स्वतःभोवती कोष विणून विसावतो आणि दिवस बरे आले की या दाराने बाहेर पडतो. (हा ‘डायनो’ म्हणजे गरगर फिरणे. डायनोसॉरमधला ‘डायनो’ वेगळा, त्याचा अर्थ भयानक. मुलांना जरूर सांगा.)

१९६०च्या दशकात वॉल आणि डेल यांनी वुड्स होल इथे समुद्रतळाच्या चिखलातले जिवंत कोष प्रयोगशाळेत उबवले, तेव्हा स्पिनिफेरायटीसच्या कोषातून गोनियॉलॅक्स बाहेर आला. एकाच जीवाची दोन नावे, जणू माहेरचे आणि सासरचे. दोन्ही चालतात, कारण भूशास्त्रज्ञाला कोषच मिळतो, पोहणारी पेशी कधीच नाही.

नामकरणात पहिल्या नावाचा मान मोठा. म्हणून हिस्ट्रिकोस्फेरा बाजूला सरले आणि एरेनबर्गचा रॅमोसम आज स्पिनिफेरायटीस रॅमोसस आहे. मॅन्टेलला न्याय मिळाला तो असा, मरणानंतर शतकाने. भांडण मात्र संपलेले नाही. तीन फाट्यांचा काटा दिसला की टाक रॅमोससमध्ये, असे इतकी वर्षे चालले, की या एका नावाखाली खरोखर किती जाती नांदत आहेत यावर तज्ज्ञांची अजून जुंपते.