कॅमेरा विकत घेण्यापूर्वीं

छायाचित्रणाचा नाद नुकताच लागलेला तरुण बोरा बाजारांतील दुकानांच्या काचांपुढें उभा राहिला म्हणजे त्याला पडणारा प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा कोणता घ्यावा, आणि भिंगें किती व कोणतीं घ्यावीं ? घरचीं वडील माणसेंहि आम्हां शिक्षकांस हेंच विचारतात. दुकानदार तर न विचारतांच उत्तर देतो. आमच्या मतें या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर मुंबईच्या इतिहासांत सांपडतें. दोन मराठी गृहस्थांनीं आपापला पहिला चलच्चित्रांचा कॅमेरा सुमारें पंधरा वर्षांच्या अंतरानें लंडनहून मिळविला. दोघांचीहि निवड विचारपूर्वक होती. तरीहि एकाचें चित्रण कांहीं वर्षांनीं थांबलें आणि दुसऱ्याच्या कामांतून एक नवा धंदा उभा राहिला. हा फरक यंत्रांतला नव्हे, असें आमचें म्हणणें आहे.

त्यापूर्वींचा थोडा वृत्तांत सांगितला पाहिजे. मुंबईस ही कला फार लवकर आली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, व पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार. वैद्यकी करणारा मनुष्य या नादास लागला यांत नवल नाहीं. कारण तेव्हां कांचेवर रसायनाचा लेप स्वतः द्यावयाचा, तो ओला आहे तोंच चित्र घ्यावयाचें, आणि लगेच अंधाऱ्या जागेंत कांच धुवावयाची, असा प्रकार असे. निम्मी कला डोळ्याची, निम्मी रसायनाची. १८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक निघाला आणि कळ दाबणारा एक व चित्र धुणारा दुसरा, अशी फारकत झाली. नुसता कॅमेरा विकत घेऊन छायाचित्रकार होतां येतें, ही समजूत तेव्हांपासूनची.

आतां पहिले गृहस्थ. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे धंद्यानें छायाचित्रकार होते. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तेव्हांपासून सावेदादांस या विद्येनें पछाडलें. त्यांनीं २१ गिनी मोजून लंडनहून कॅमेरा मागविला. १८९९ मध्यें हँगिंग गार्डनमधील कुस्ती त्यांनीं टिपली, आणि १९०१ च्या डिसेंबरांत केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचें चौपाटीवरील स्वागतहि टिपलें. घडणारी गोष्ट घडतां घडतां पकडावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती व तिला तें यंत्र पुरेसें होतें. परंतु टिपलेली कुस्तीची फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली. आपण काय टिपलें हें समजावयास समुद्रपार जाऊन येणाऱ्या टपालाची वाट पाहावयाची, अशा स्थितींत चुकांपासून शिकावें तरी कसें ? पुढें भाऊ निवर्तल्यावर सावेदादांनीं कॅमेरा विकला. तो करंदीकर, पाटणकर व दिवेकर या मंडळींनीं घेतला, आणि सावेदादा गेइटी थिएटरची व्यवस्था पाहूं लागले.

दुसरे गृहस्थ धुंडिराज गोविंद फाळके. त्यांची कथा सांगतांना लोक गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या चित्रपटापासून आरंभ करतात. जणूं तो चित्रपट पाहिला, विलायतेस गेले, कॅमेरा आणला, आणि झालें ! वस्तुतः त्यापूर्वींचीं वीस वर्षें वगळलीं तर कथेंत कांहींच उरत नाहीं. बडोद्याच्या कलाभवनांत असतांना, १८९० च्या सुमारास, ते साध्या छायाचित्रणास लागले. चित्र घेणें, धुणें व छापणें तिन्ही स्वतः करीत. रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे करावयास शिकले. गोध्र्यास छायाचित्रणाचें दुकान मांडलें. पुराणवस्तुखात्यांत छायाचित्रकार व नकाशनवीस म्हणून नोकरी केली. मग ठसे व छपाई यांचा धंदा काढला, आणि १९०९ मध्यें रंगीत छपाईचीं यंत्रें पाहावयास जर्मनीस जाऊन आले. हलत्या चित्रांचें वेड लागल्यावरहि प्रथम एक लहानसाच कॅमेरा घेऊन घरीं मेणबत्तीच्या उजेडांत भिंतीवर चित्रें पाहण्याचे प्रयोग चालले होते. या जागरणांपायीं त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली होती.

मग १२,००० रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १०,००० रुपये उभे केले, आणि १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला निघाले. तेथें ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांस गांठलें, त्यांच्या ओळखीनें सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, आणि दोघांच्या सल्ल्यानें विल्यमसन कॅमेरा ५० पौंडांस घेतला. पौंडास पंधरा रुपये या तेव्हांच्या दरानें हे ७५० रुपये होतात. म्हणजे कर्जाच्या तेराव्या हिश्शाहूनहि कमी. आमच्या होतकरू मित्रांनीं हा आंकडा अवश्य लक्षांत ठेवावा. कॅमेऱ्याबरोबर कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें यंत्र यांचीहि मागणी नोंदविली. टिपण्यापासून छापण्यापर्यंत कशासाठींहि फिल्म परत विलायतेस धाडावी लागूं नये, अशी ही खरेदी होती, आणि सावेदादांच्या व फाळक्यांच्या निवडींतील अंतर नेमकें येथें आहे.

भिंगांविषयीं आजकाल फार चर्चा चालते. त्या काळीं जवळचें-दूरचें दाखविणारें सरकतें भिंग कोणाजवळच नव्हतें; दृश्य मोठें हवें तर कॅमेराच उचलून पुढें न्यावा लागे. हँडल सेकंदास दोन फेरे या बेतानें हातानें फिरवावयाचें, कां कीं दर फेऱ्यास आठ चित्रें पडत. फिल्मला लाल रंग काळा दिसे व निळें आकाश पांढरें. मोठें चित्र सुरू करण्यापूर्वीं या साऱ्याची परीक्षा घ्यावयाची म्हणून फाळक्यांनीं नट जमविले नाहींत; कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडें थोडें टिपून रोप उगवतांना दाखविलें. मिनिटभर चालणारी ती चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनीं भांडवल देण्याचें कबूल केलें. नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी होते. ज्याला कॅमेऱ्यांची किंमत रोजच्या व्यवहारांत ठाऊक, त्यानें पैसा दिला तो वाटाण्याच्या रोपावर !

दादरच्या मथुरा भवनांत, म्हणजे आजच्या दादासाहेब फाळके मार्गावर, राजा हरिश्चंद्राचें काम चाललें. तें पुरें व्हावयास सहा महिने सत्तावीस दिवस लागले. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमांत तें लोकांपुढें आलें. पण त्या चित्रपटाच्या वेळीं विल्यमसन कॅमेऱ्याचें हँडल फाळक्यांच्या हातीं नव्हतें. तें त्र्यंबक तेलंग या बाळमित्राकडे सोंपविलें होतें, आणि तेलंगांस तें काम शिकवितांना फाळक्यांनीं आरंभ केला तो साध्या, स्थिर कॅमेऱ्यापासून. कोऱ्या फिल्मला अंधारांत भोकें पाडणें, ती कॅमेऱ्यांत भरणें व टिपून झाल्यावर धुणें, हीं कामें, दिवसभराचा स्वयंपाक आटोपून, सरस्वतीबाई करीत.