शेपटीची साक्ष

१९०४ च्या नोव्हेंबरांत कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानानें दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटव्हिकेन येथें देवमाशांच्या शिकारीचें ठाणें उभारलें. किनाऱ्यालगत चरणारा संथ ‘हंपबॅक’, म्हणजे कुबडा देवमासा, प्रथम बळी पडला आणि थोड्याच वर्षांत तेथें दुर्मिळ झाला.

पुढें शास्त्रज्ञ देवमाशांचे मार्ग शोधूं लागले. त्यांनीं त्यांच्या अंगांत क्रमांक कोरलेले धातूचे बाण मारले; पण तो क्रमांक वाचावयास मिळे, तो देवमासा मारला गेल्यावरच!

१९६३ मध्यें दक्षिण गोलार्धांत या जातीच्या शिकारीस बंदी झाली. चोरटी शिकार मात्र आणखी कांहीं वर्षें चाललीच. १९७० नंतर संशोधकांनीं निराळी खूण हातीं घेतली. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक कुबड्या देवमाशाची वेगळी असते. अंटार्क्टिकाच्या समुद्रांत तो बुडबुड्यांचें जाळें करून क्रिल नांवाचे कोळंबीसारखे जीव कोंडतो, गिळतो आणि खोल बुडी घेतांना पुष्कळदां शेपटी उंच उचलतो. तोच छायाचित्राचा क्षण! शिकारी जहाजाच्या ज्या टोंकावर पूर्वीं भाल्याची तोफ असे, तेथें आतां कॅमेरा घेऊन निरीक्षक उभे राहतात. वर्षांनंतर तीच नक्षी पुन्हा वर आली, तर देवमासा ओळखतां येतो. आणि या खेपेस तो जिवंत असतो.