सेंद्रिय संश्लेषण : उलट्या वाटेचे शास्त्र

साध्या रेणूंपासून टप्प्याटप्प्याने गुंतागुंतीचा कार्बनी रेणू घडविणे म्हणजे सेंद्रिय संश्लेषण. फ्रीडरिश व्होलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेथून या शाखेचा आरंभ मानला जातो. पुढे रॉबर्ट वुडवर्ड यांनी स्ट्रिक्निन, क्लोरोफिल यांसारखे अवघड रेणू घडविले. त्यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यापीठीय अभ्यासक्रमात या विषयाचा गाभा म्हणजे ई. जे. कोरी यांची ‘रेट्रोसिंथेसिस’ पद्धत. तीत इच्छित रेणूपासून आरंभ करून एकेक बंध कागदावर तोडत सहज मिळणाऱ्या द्रव्यांपर्यंत मागे जायचे असते. या विचारपद्धतीबद्दल कोरी यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

योजनेत टप्प्यांची संख्या निर्णायक ठरते. प्रत्येक टप्प्याला ९० टक्के उत्पादन मिळाले, तरी १० टप्प्यांअखेर सुमारे ३५ टक्के आणि २० टप्प्यांअखेर जेमतेम १२ टक्केच उत्पादन हाती उरते. म्हणून रेणूचे मोठे भाग स्वतंत्रपणे बनवून अखेरीस जोडणे श्रेयस्कर. अशा जोडणीसाठी पॅलेडियम उत्प्रेरक वापरणाऱ्या अभिक्रिया उपयोगी पडतात. त्यांबद्दल हेक, नेगिशी व सुझुकी यांना २०१० चे नोबेल मिळाले.

रेणूची त्रिमितीय रचनाही तितकीच महत्त्वाची. परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एक औषधी, तर दुसरे निरुपयोगी वा अपायकारकही असू शकते. त्यामुळे केवळ अभिक्रिया पाठ करून हा विषय साधत नाही. कोणता बंध आधी तोडावा, याचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.